शुभही हवे, लाभही हवा

आश्विनी अमावास्येची संध्याकाळ. कोल्हापुरातील महाद्वार रोड, गुजरी, राजारामपुरी हे भाग दिव्यांच्या माळांनी उजळलेले असतात. पेढ्यांवर चोपड्या, तराजू आणि तिजोरी यांची पूजा होते. लाह्या-बत्तासे वाटले जातात. ज्या वस्तूंनी वर्षभर साथ दिली, त्यांच्यापुढे नतमस्तक होण्याची ही रीत मोठी हृद्य आहे. मात्र त्याच पेढीवर सकाळपासून उभ्याने कापडाचे तागे उलगडणाऱ्या नोकराच्या घरी त्या वेळी पणती कोण लावीत असेल, हा विचार क्वचितच मनाला शिवतो.

आसपासच्या खेड्यांतूनही अनेक तरुण-तरुणी या दुकानांत कामाला येतात. सणाच्या दिवसांत गिऱ्हाईक रात्री उशिरापर्यंत हटत नाही. आवराआवर करून घर गाठेपर्यंत मुले झोपी गेलेली असतात. भाऊबीजेला परक्याच्या भावासाठी सदरा निवडून देणाऱ्या मुलीचा स्वतःचा भाऊ घरी पाटावर बसण्यासाठी तिची वाट पाहत असतो.

दुकानदाराची अडचणही खोटी नव्हे. दिवाळीच्या विक्रीवर कित्येकांचे वर्षाचे गणित उभे असते. भाडे आणि व्याज सणासुदीला थांबत नाही. त्यातच घरबसल्या फोनवरून खरेदी करण्याची सोय झाल्याने, दार मिटले की गिऱ्हाईक गेले, हे भय त्याला सतावते.

या दोहोंचा मेळ घालण्याचा यत्न कायद्याने केला आहे. गिरणी कामगारांना रविवारची सुटी १८९० साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडे ठेवण्यास मुभा दिली. परंतु कामगाराची साप्ताहिक सुटी कायम राखली. शिवाय वर्षाला ८ भरपगारी सुट्या ठरविल्या. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या निश्चित. उरलेल्या ४ सणांच्या सुट्या मालक-कामगारांनी संमतीने ठरवावयाच्या. त्या दिवशी काम घेतल्यास दुप्पट वेतन आणि बदली सुटी. मात्र मोजक्या माणसांची लहान दुकाने या कायद्याच्या बहुतेक कलमांबाहेरच राहिली. तेथे सारे काही मालकाच्या मनाच्या मोठेपणावर अवलंबून असते.

हे मोठेपण आपल्या मातीला परके नाही. बेंदराच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवावयाचे नाही, हा दंडक येथील शेतकऱ्याने कोणत्याही कायद्यावाचून पाळला. मग माणसाच्या वाट्याला तेवढा विसावा का येऊ नये? पाडवा आणि भाऊबीज यांपैकी एक दिवस पाळीपाळीने प्रत्येकाला घरी मिळावा. लक्ष्मीपूजन आटोपताच दुकानाचे दार ओढून घ्यावे. आणि आपण गिऱ्हाइकांनीही खरेदी चार दिवस आधी उरकावी. दिवेलागणीनंतर दुकानाची पायरी चढताना आतल्या माणसालाही घर आहे, हे आठवावे.

नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर ‘शुभ लाभ’ असे लिहिले जाते. त्यांत ‘लाभ’ नंतर येतो, ‘शुभ’ आधी. तो क्रम दुकानाच्या व्यवहारातही उतरला, तर पेढीवरचा दिवा नोकराच्या घरीही उजेड देईल.