परतीचे दोर कुठे कापावेत?

'टु बर्न वन्स बोट्स' हा इंग्रजी वाक्प्रचार रोजच्या वापरातला नाही. निबंधाला वजन यावं म्हणून तो घातला जातो आणि नेमका तिथेच फसतो.

अर्थ

माघारीची वाट आपल्याच हातानं बंद करून कामात उतरणे. मराठीत याच्या जवळ जाणारा वाक्प्रचार म्हणजे 'परतीचे दोर कापणे'.

मुळातल्या कथा

१५१९ मध्ये स्पेनचा एर्नान कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला. सैन्य मागे फिरू नये म्हणून त्यानं जहाजं निकामी केली. ती जाळली ही नंतरची भर. आपल्याकडची कथा सिंहगडाची, ४ फेब्रुवारी १६७० ची. तानाजी पडल्यावर मावळे कड्याकडे पळू लागले, तेव्हा सूर्याजीनं दोर कापून टाकले, असं परंपरा सांगते.

तीन कसोट्या

१. आधी परतायला वाट होती.
२. ती जाणूनबुजून बंद केली.
३. आता ती सहजासहजी उघडणार नाही.

उदाहरणार्थ: 'बैलजोडी आणि शेत विकून त्यानं मोलगीच्या बाजारात दुकान टाकलं; परतीचे दोर त्यानं कापूनच टाकले.' इथे तिन्ही कसोट्या लागतात.

कुठे बसत नाही

सातपुड्यातला मजूर कामासाठी गुजरातला जातो आणि होळीला गावी परततो. त्याची वाट उघडीच असते. त्याच्यासाठी 'दोर कापले' लिहिलं तर चूक.

दुसरं उदाहरण मोलगीच्याच अक्कलकुवा तालुक्यातलं. १९९३ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचं पाणी चढत असताना मणिबेलीचे लोक घरं सोडायला तयार नव्हते. निर्धार पोलादी होता, पण ते कुठे निघालेच नव्हते, तर परतणार कुठून? तिथे 'ठाण मांडून बसले' हेच शोभतं.

दोर कुणाचे?

इंग्रजीतल्या बोटी साधारणपणे ज्याच्या त्याच्या. मराठीत दुसऱ्याचेही दोर कापता येतात. सूर्याजीनं तेच केलं. म्हणून 'पक्षानं त्याचे परतीचे दोर कापले' हे मराठीत चालतं, मात्र त्यातून त्याचा स्वतःचा निर्धार दिसत नाही. निर्धारच सांगायचा असेल तर 'स्वतःच' हा शब्द गाळू नका.

पूल आणि बोटी

'बर्निंग ब्रिजेस' हा याचाच भाऊबंद, पण आज तो बहुतेकदा संबंध तोडण्यासाठी वापरतात. राजीनामा देताना साहेबांशी भांडलात तर पूल जाळलेत. नोकरी सोडून जमापुंजी धंद्यात घातलीत तर बोटी.

लिहिण्याआधी

मागे कुठली वाट होती आणि ती कुणी बंद केली, हे आधी स्वतःला विचारा. उत्तर तुमच्या परिच्छेदात सापडत नसेल तर बोटी आणि दोर दोन्ही बाजूला ठेवा आणि 'ठाम निश्चय केला' असं सरळ लिहा. वाचकाला तेवढं पुरतं.