राजवाडा, सातारा

राजवाडा, सातारा : सातारच्या छत्रपतींचे निवासस्थान व नंतरच्या काळातील जिल्हा न्यायालयाची वास्तू. शहराच्या मध्यभागी असलेल्या या वास्तूचे जुना व नवा असे दोन भाग आहेत. जुना वाडा छत्रपती प्रतापसिंह (कार. १८१८–३९) यांनी, तर नवा त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब (कार. १८३९–४८) यांनी उभारला.

गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा व देशी शिपायांना फितविल्याचा आरोप कंपनी सरकारने प्रतापसिंहांवर ठेवला. उघड चौकशीची त्यांची मागणी अमान्य करून १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले व काशीस पाठविण्यात आले. तेथेच ते १८४७ मध्ये निधन पावले. त्यांच्या वतीने रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये अनेक वर्षे केलेले प्रयत्न निष्फळ ठरले. शहाजींच्या मृत्यूनंतर (१८४८) दत्तकविधान नामंजूर होऊन राज्य खालसा झाले. ज्या घराण्यास न्याय नाकारला गेला, त्याच्याच नव्या वाड्यात १८७६ पासून ब्रिटिश न्यायाधीशाची कचेरी भरू लागली. जुन्या वाड्यातील शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर यांचे नाव दाखल झाले.

त्या काळी वाळवे, तासगाव इ. तालुके सातारा जिल्ह्यातच होते. १९४२ च्या चळवळीत नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने सरकारी कचेऱ्यांना डावलून गावोगाव लोकन्यायालये चालविली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा (१९६० पासून सांगली) हा स्वतंत्र जिल्हा झाला. साताऱ्याचे जिल्हा न्यायालयही पुढे राजवाड्यातून सदर बाजार भागात हलविण्यात आले.