भंगारातलं इंजिन आणि टर्बोची ओढ

चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेसाठी माणसं भरून येरमाळ्याचा घाट चढणारी जुनी डिझेल गाडी काळा धूर ओकते, तरी ओढत नाही. ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबतो, धूर आणखी वाढतो. धूर म्हणजे अर्धवट जळालेलं डिझेल. तिथे इंधन भरपूर असतं, कमी पडते ती हवा. बालाघाटच्या पठारावर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. त्यात चाळीस अंशांचं ऊन. किनाऱ्यावरच्या गार सकाळच्या तुलनेत इथे सिलिंडरमध्ये दर वेळी दहा टक्क्यांहून जास्त हवा कमी भरते.

यावरचा उपाय स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये पेटंटमध्ये मांडला. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने हवा दाबून इंजिनात भरायची, हाच टर्बो. 1918 मध्ये अभियंता सॅनफर्ड मॉस यांनी अमेरिकेतल्या पाइक्स पीकवर, सुमारे 4300 मीटर उंचीवर, विमानाच्या लिबर्टी इंजिनाची चाचणी घेतली. समुद्रसपाटीला सुमारे 350 अश्वशक्ती देणारं ते इंजिन शिखरावर 230 पर्यंत घसरलं होतं. टर्बो लावल्यावर तिथेच ते 356 वर गेलं.

आपल्याकडचं उदाहरण पुण्यात घडलेल्या इंडिकाचं. तिचं 1405 सीसीचं साधं डिझेल इंजिन 53 च्या आसपास अश्वशक्ती देई. त्याच मापाचं टर्बो इंजिन 68 च्या आसपास. म्हणजे हाताशी सगळी साधनं असूनही कारखान्याने शक्ती सव्वापटीच्या थोडीच पुढे नेली. भंगारातून स्वस्तात इंजिन आणून त्यावर दुसऱ्या गाडीचा टर्बो चढवू पाहणाऱ्याने हे प्रमाण डोक्यात पक्कं ठेवावं.

जुनं इंजिन यासाठी अगदीच टाकाऊ असतं असं मात्र नाही. 1983 मध्ये नेल्सन पिके ज्या ब्रॅबहॅम-बीएमडब्ल्यूमध्ये फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, तिचं दीड लिटरचं टर्बो इंजिन साध्या मोटारीच्या लोखंडी ब्लॉकवर बेतलेलं होतं. त्यासाठी बीएमडब्ल्यूने रस्त्यावर खूप धावलेले ब्लॉकही वापरले, कारण वर्षानुवर्षं तापून-निवून लोखंडातला ओतकामाचा ताण निघून गेलेला असतो. पण ब्लॉक जुना असला तरी पिस्टन, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह नवे आणि खास बनवलेले होते. भंगारात मिळणाऱ्या इंजिनात हे सगळं झिजलेलंच येतं.

खरेदीआधी टर्बो हातात घेऊन पाहावा. तळहातात मावणाऱ्या पंख्याचा दांडा बोटांनी हलवला की आडवा किंचित खेळ जाणवतो. तो चालतो, कारण दांडा चालू असताना तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. मात्र दांडा आत-बाहेर खडखडला किंवा पात्यांनी घराला घासल्याच्या रेघा दिसल्या, तर तो टर्बो घेऊ नये. हाच दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. तेलाची नळी चोंदली तर तो काही क्षणांत संपतो. सील निकामी झालं तर डिझेल इंजिन स्वतःचंच तेल पिऊन बेफाम पळू शकतं. मग किल्ली काढूनही थांबत नाही, हवेचं तोंडच बंद करावं लागतं.

तेलाच्या बिघाडानंतर दुसरा शत्रू उष्णता. चाळीस अंशांची हवा दीडपट दाबली की ती नव्वदच्या पुढे जाते. गरम हवा पुन्हा विरळ, म्हणून ती गार करणारा इंटरकूलर हवाच. पेट्रोल इंजिनात याच उष्णतेने नॉकिंग होऊन पिस्टनला भोक पडतं. डिझेलमध्ये हवा वाढली म्हणून पंपाचं डिझेलही बेसुमार वाढवलं, की हेड गॅस्केट उडतं.

शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. इंजिन बदलायलाही आरटीओची परवानगी लागते.

हौस असेल तर पहिला पैसा टर्बोवर घालू नका. आधी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, रिंग-पिस्टन, तेलपंप आणि रेडिएटरचं काम करा. त्यानंतरही जादा दाब वातावरणाच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवा. सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनच्या आकड्यांत मोठी तफावत निघाली, तर त्या इंजिनाला टर्बो लावू नका.