सेप्सिसमधील नीलांतर्गत द्रवोपचार

जंतुसंक्रामणाला शरीराकडून मिळणारा प्रतिसाद अनियंत्रित होऊन इंद्रियांचे कार्य बिघडते, त्या जीवघेण्या अवस्थेस सेप्सिस म्हणतात. (‘तीव्र सेप्सिस’ ही वेगळी संज्ञा २०१६ च्या व्याख्येत राहिली नाही.) या अवस्थेत रक्तवाहिन्या सैल पडतात, केशवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि रक्तदाब उतरतो. ही तूट भरण्यासाठी नीलेवाटे द्रव देतात. नीलेवाटे लवणजल देण्याचा उपचार टॉमस लॅटा यांनी १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे पटकीच्या रुग्णांवर केला होता.

द्रव दोन प्रकारचे : स्फटिकाभ (लवणांचे विद्राव) व कलिल. कलिलातील मोठे रेणू वाहिनीबाहेर सहजी जात नाहीत, म्हणून थोड्या द्रवात काम भागेल, हा तर्क बिनतोड वाटे. परंतु वाहिनीच पाझरत असेल, तर तो लंगडा पडतो. हायड्रॉक्सिएथिल स्टार्च हे कलिल अनेक वर्षे सर्रास वापरले गेले. २०१२ मध्ये स्कँडिनेव्हियातील सु. ८०० रुग्णांच्या चाचणीत ९० दिवसांत स्टार्च दिलेल्यांपैकी ५१%, तर रिंगर ॲसिटेट दिलेल्यांपैकी ४३% रुग्ण दगावले. स्टार्चमुळे वृक्कांनाही (मूत्रपिंडांनाही) इजा होते. त्यामुळे सेप्सिसमध्ये ते वर्ज्य ठरले. अल्ब्युमिन तुलनेने निर्धोक पण महाग असून, स्फटिकाभ द्रव पुष्कळ द्यावा लागल्यावरच त्याचा विचार करतात.

स्फटिकाभांपैकी ०.९% लवणजलास ‘नॉर्मल’ म्हणतात, हे नाव फसवे आहे. त्याच्या एका लिटरमध्ये १५४ मिलिमोल क्लोराइड असते. रक्तद्रवात ते सु. १०० असते. लवणजल फार दिल्यास रक्ताची अम्लता वाढते. रिंगर लॅक्टेट रक्तद्रवाशी अधिक मिळतेजुळते आहे. ब्राझील (२०२१) व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड (२०२२) येथील मोठ्या चाचण्यांत या दोन प्रकारांच्या मृत्युप्रमाणात निश्चित फरक आढळला नाही. तथापि २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने समतोल द्रवांना पसंती दिली. मेंदूस इजा असल्यास मात्र लवणजलच बरे. ग्लुकोजचा विद्राव या कामी निरुपयोगी होय, कारण त्यातील पाणी वाहिन्यांत टिकत नाही.

मात्रेचा प्रश्न अधिक बिकट आहे. वरील मार्गदर्शिकेनुसार प्रौढास पहिल्या ३ तासांत दर किग्रॅ. वजनामागे निदान ३० मिलि. द्रव द्यावा, म्हणजे ५० किग्रॅ. वजनाच्या रुग्णास दीड लिटर. परंतु २०११ मध्ये युगांडा, केन्या व टांझानियातील ३,००० हून अधिक तापकरी, गंभीर आजारी बालकांच्या चाचणीत झपाट्याने द्रव दिलेल्यांपैकी सु. १०.५%, तर न दिलेल्यांपैकी ७.३% बालके ४८ तासांत दगावली. त्या रुग्णालयांत कृत्रिम श्वसनाची सोय नव्हती. म्हणून द्रव टप्प्याटप्प्याने देऊन नाडी, रक्तदाब, मूत्राचे प्रमाण व फुप्फुसांतील आवाज वारंवार तपासतात. द्रवाने रक्तदाब सावरत नसल्यास नॉरएपिनेफ्रीन सुरू करतात.