भिंतीवरची फोमची शीट: ऊन अडवते, पण आत काय भरलंय ते विचारा

नववीच्या वर्गात उष्णतेचं वहन शिकवत होते. एक मुलगा उठून म्हणाला, "टीचर, आमचे अब्बा दुबईत बिल्डिंगच्या भिंतींना बाहेरून फोमच्या शीटा लावतात. भिंतीला फोम कशाला?"

आपल्या कितीतरी घरांतली माणसं आखातात अशा कामांवर आहेत. आपल्याकडेही कोल्ड स्टोरेज, कारखान्यांच्या शेड, शोरूम अशा ठिकाणी पफ पॅनेल दिसतात. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ.

लोखंड उष्णता आत आणतं

अमेरिकेत ऑफिसं, दुकानं, हॉटेलं यांच्या बऱ्याच भिंती विटांच्या नसतात. पत्र्याच्या उभ्या पट्ट्या ठराविक अंतरावर उभ्या करतात. त्यांना स्टड म्हणतात. स्टडच्या मधल्या जागेत ग्लासवूल भरतात आणि बाहेरून शीट ठोकतात.

यात एक अडचण आहे. देगेत लोखंडी कफगीर ठेवला तर थोड्या वेळात त्याची मूठ हाताला चटका देते, लाकडी कलथा मात्र धरता येतो. पोलाद लाकडापेक्षा शेकडो पटींनी जास्त उष्णता वाहून नेतं. भिंतीतही तेच होतं. मधे ग्लासवूल असलं तरी प्रत्येक स्टड म्हणजे उन्हाला आत यायला पूलच.

उष्णता अडवण्याची ताकद 'आर' या आकड्यात मोजतात. आकडा जितका मोठा, तितका अडथळा जास्त. अमेरिकेच्या 'अ‍ॅश्रे ९०.१' या मानकाच्या हिशेबात १६ इंचांवर पोलादी स्टड असतील तर आर-१३ च्या ग्लासवूलची ताकद साधारण आर-६ एवढीच उरते. म्हणजे निम्म्याहून जास्त वाया.

एका शीटची तीन कामं

उपाय सोपा आहे. रजई आतून तुकड्यातुकड्यांनी भरण्यापेक्षा बाहेरून सलग पांघरायची. यासाठी लाकडाच्या चिपांची दाबलेली शीट आणि फोम कारखान्यातच एकमेकांना चिकटवून एकच शीट करतात. ती तीन कामं करते.

पहिलं, ऊन आणि थंडी अडवते. दुसरं, सांधे नीट टेपने बंद केले तर पाणी आणि हवा आत येत नाही. तिसरं, सांगाडा घट्ट धरते. चार पट्ट्या खिळ्यांनी जोडून चौकट करा, बाजूने ढकलली की तिरकी होते. मागून प्लायवूड ठोका, मग ती हलत नाही. वाऱ्यात किंवा भूकंपात शीटचा हाच उपयोग. पण खिळा किंवा स्क्रू फोममधून जाऊन स्टडपर्यंत पोचायला हवा. म्हणून त्याची लांबी आणि अंतर कंपनीच्या तक्त्याप्रमाणेच ठेवायचं, अंदाजाने नाही.

आता आगीचं बोलू

फोम हे प्लास्टिक आहे. थर्माकोल आगीत वितळून गळतो. पॉलिआयसो नावाचा फोम वितळत नाही, वरून कोळशासारखा होतो, पण जळतोच. खडकापासून बनवलेलं रॉकवूल जळत नाही, मात्र तेवढ्याच अडथळ्यासाठी जास्त जाडी लागते.

लंडनची ग्रेनफेल टॉवर ही राहण्याची इमारत होती, ऑफिसची नव्हे. पण भिंतीचा धडा तोच आहे. २४ मजल्यांच्या या जुन्या इमारतीला नूतनीकरणात बाहेरून फोम आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पॅनेल लावले होते. पॅनेलच्या पोटात पॉलिइथिलीन हे प्लास्टिक होतं. १४ जून २०१७ च्या रात्री, रमजानच्या दिवसांत, चौथ्या मजल्यावरच्या एका फ्रिजला आग लागली. ती खिडकीतून बाहेरच्या आवरणात गेली आणि भिंतीवरून वर चढली. ७२ माणसं गेली. मरणाऱ्यांत अनेक मुस्लिम कुटुंबं होती. चौकशी समितीने आग पसरण्याचं मुख्य कारण त्या पॅनेलना ठरवलं. माल बनवणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी चाचण्यांबाबत दिशाभूल केल्याचं २०२४ च्या अंतिम अहवालात स्पष्ट म्हटलं आहे.

म्हणून एकट्या शीटचं सर्टिफिकेट पुरत नाही. अमेरिकेत 'एनएफपीए २८५' या चाचणीत सगळ्या थरांसकट दोन मजली नमुना भिंत उभारतात, खालच्या खोलीत आग लावतात आणि ज्वाळा बाहेरून किती वर चढतात ते पाहतात.

काय विचारायचं?

दुकान, दवाखाना, शाळा किंवा हॉल बांधणाऱ्यांनी ठेकेदाराला हे प्रश्न जरूर विचारावेत:

- पॅनेलच्या आत नक्की काय आहे? कागदावर लिहून द्या.
- आगीची चाचणी फक्त शीटची झाली आहे की सगळ्या भिंतीची?
- प्रत्येक मजल्यावर आणि खिडकीभोवती आग अडवणारा पट्टा आहे का?
- सांधे टेपने बंद केले आहेत का?

साइटवर काम करणाऱ्या भावांनी फोमच्या ढिगाजवळ वेल्डिंग करू नये, बिडी-सिगारेट ओढू नये. आग बांधकाम चालू असतानाही लागते.

त्या मुलाला मी म्हटलं, "अब्बांना फोनवर विचार, शीटच्या आत काय असतं?" दोन दिवसांनी तो म्हणाला, "टीचर, अब्बा म्हणाले, इतकी वर्षं लावतोय पण कधी विचारलंच नाही. आता फोरमनला विचारतो."