टेललाइट ‘स्मोक’ करण्याआधी

“लाल दिसते ना मागून, मंग काय झालं भाऊ?”

टेललाइटवर काळा स्प्रे मारलेल्या गाडीच्या मालकाला कळंबमध्ये कुणी हटकलं, की हे उत्तर ठरलेलं. स्प्रेचा डबा आणायचा, कडेनं मास्किंग टेप लावायची, अंगणात दोन-तीन हात मारायचे. अंधार पडला की मित्राला ब्रेक दाबायला बसवायचं आणि मागे उभं राहून बघायचं. लाल दिसतो, म्हणजे काम पक्कं! हे इतक्या खात्रीनं सांगितलं जातं की ऐकणारा गप्प बसतो. पण गडबड इथेच आहे. ही चाचणीच चुकीची आहे.

अंधाऱ्या अंगणात दहा पावलांवरून उदबत्तीचं टोकही लाल दिसतं. तिथे डोळे अंधाराला सरावलेले असतात आणि दिवा कुठे आहे हे बघणाऱ्याला आधीच माहीत असतं. शिवाय आपला डोळा प्रकाश मोजण्यात फार कच्चा आहे. प्रकाश निम्मा झाला तरी तो निम्मा वाटत नाही, जरासा मंद वाटतो. म्हणून एक हात मारल्यावर ‘काही फरक नाही पडला’ असं वाटतं आणि दुसरा हात मारला जातो.

आता हिशेब पाहू. समजा एका हातानं निम्मा प्रकाश अडला. दुसऱ्या हातानं उरलेल्याचा निम्मा अडतो, म्हणजे बाहेर येतो चौथा हिस्सा. तिसऱ्या हातानंतर उरतो आठवा. स्प्रेच्या डब्यातून कुठे जाड थर बसला, कुठे पातळ, हे तर हातात नसतंच.

संयुक्त राष्ट्रांच्या ज्या वाहननियमांच्या धर्तीवर आपली मानकं बेतलेली आहेत, त्यांत ब्रेक लाइटची सरळ मागच्या दिशेची तीव्रता किमान ६० कँडेला आणि नुसत्या टेललाइटची किमान ४ कँडेला मागितली आहे. एवढा फरक का? कारण ब्रेक लाइटला दिवसा, भर उन्हात, सूर्याच्या उजेडाशी झगडून दिसायचं असतं. साध्या बल्बच्या गाडीत टेललाइटची तार ५ वॉटची आणि ब्रेकची २१ वॉटची असते, तेही त्याचसाठी. समजा तुमचा ब्रेक लाइट ८० कँडेला देत होता. दोन हातांनंतर राहिले २०, तीन हातांनंतर १०. मे महिन्याच्या दुपारी, काळ्या चकचकीत लेन्सवर ऊन झळकत असताना, हा ब्रेक लाइट पेटला की नाही हे मागच्याला कळणार कसं? रात्री वेगळी पंचाईत. तुमचा मंदावलेला ब्रेक लाइट त्याला दुसऱ्या कुठल्याही गाडीच्या साध्या टेललाइटसारखा वाटतो. गाडी थांबतेय हे त्याला अंतर घटल्यावर उमगतं.

बुटीबोरी-तुळजापूर महामार्ग कळंबवरून जातो. रस्ता रुंद झाला, वेगही वाढले. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाला एका सेकंदात गाडी २२ मीटर पुढे जाते. मागच्याला समजायला एक सेकंद उशीर झाला, तर एवढा रस्ता त्यानं ब्रेकला पाय न लावताच संपवलेला असतो. आणि मग धडक बसली, तर तिच्यात मागच्या सीटवर बसलेली तुमचीच माणसं सापडतात. ज्यांना हे वाढवून सांगितलेलं वाटतं, त्यांच्यासाठी उलट बाजूचा पुरावा आहे. अमेरिकेत १९८६च्या मॉडेलपासून कारला मागच्या काचेपाशी तिसरा ब्रेक लाइट सक्तीचा झाला. तिथल्या रस्ता सुरक्षा खात्याच्या १९९८च्या अहवालानुसार, मागून होणाऱ्या धडका त्यामुळे कायमच्या ४.३ टक्क्यांनी घटल्या. एक छोटा दिवा वाढवून एवढं साधतं, आणि आपण असलेले दोन दिवे झाकतो!

यापेक्षाही वाईट गोष्ट स्प्रे मारणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. बहुतेक टेललाइटच्या लेन्समध्येच लाल रिफ्लेक्टर असतो. त्याला वीज लागत नाही. मागच्या गाडीच्या हेडलाइटचा उजेड तो परत फेकतो. रात्री बॅटरी बसली, गाडी रस्त्याच्या कडेला बंद पडली, तर तुमची खूण सांगायला तोच उरतो. आणि त्याच्याबाबत प्रकाशाला रंगाच्या थरातून दोनदा जावं लागतं, आत जाताना आणि बाहेर येताना. म्हणजे वरच्याच हिशेबानं एका हातात चौथा हिस्सा, दोन हातांत सोळावा, तीन हातांत चौसष्टावा. कापसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, अशी तक्रार आपण सगळेच करतो. तक्रार अगदी खरी आहे. मग आपल्या गाडीची तीच गत हातानं का करायची?

“पन्नास टक्के चालते, कोर्टानंच सांगितलं,” हे दुसरं पालुपद. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १००ची, ७० आणि ५० टक्के प्रकाश आरपार जाण्याची अट काचांची आहे: पुढची-मागची काच ७०, बाजूच्या ५०. सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०१२चा निकालही काचांवरच्या काळ्या फिल्मबद्दल होता. दिव्यांसाठी त्याच केंद्रीय नियमांतला नियम १०५ आहे, आणि मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे असं तो म्हणतो. परवानगी नसलेला बदल मालकानं केला, तर २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १८२अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

“कंपनीच्या गाड्याही स्मोक येतात.” येतात, पण त्यांत लेन्सचा रंग आणि आतला एलईडी एकमेकांना धरून बनवलेले असतात आणि पूर्ण दिव्याची चाचणी झालेली असते.

“आत जास्त पॉवरचा पांढरा एलईडी टाकू.” पांढऱ्या एलईडीत लाल प्रकाशाचा वाटा कमी असतो, आणि आतली वाटी मूळ बल्बच्या तारेच्या जागेवरून बेतलेली असते. उजेड भलतीकडेच जातो.

“पीयूसी निघाली ना!” पीयूसीत फक्त धूर तपासतात.

“नाही आवडलं तर थिनरनं पुसून टाकू.” हे करू नका. टेललाइटची लेन्स बहुधा ॲक्रिलिकची असते. थिनरनं तिच्यावर केसासारख्या बारीक चिरा पडतात, आणि त्या कुठल्याही पॉलिशनं जात नाहीत. रंग आधीच मारला असेल तर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हळूहळू घासा, मग कंपाउंडनं चमक आणा. रिफ्लेक्टरवरचा थर पूर्ण निघाला की नाही ते रात्री गाडी बंद ठेवून, लांबून टॉर्च मारून बघा. ब्रेक लाइट मात्र दुपारी बाराला, रस्त्यावर, १५० मीटर मागे जाऊन तपासा. तिथून स्पष्ट दिसला नाही, तर टेललाइटचा नवा जोड घ्या.