हौदात उतरणारा पहिला माणूस आणि दुसरा

आम्ही कापडाचे व्यापारी. ग्रे माल घ्यायचा, रंगाईला द्यायचा, शेड जुळली की उचलायचा. रंगखात्याच्या मागे जमिनीखाली सांडपाण्याचा जो हौद असतो, तिकडे आमच्यापैकी फारसा कोणी फिरकत नाही. परंतु आमच्याच कापडाची खळ व उरलेला रंग त्या हौदात जातो, आणि गाळ साचला की कोणाला तरी त्यात उतरावे लागते. बहुधा ठेक्यावरचा मजूर.

या हौदात काय घडते ते समजून घ्यावे. कापडातून धुऊन निघालेली खळ सडते व सडताना प्राणवायू खाऊन टाकते. रंगाईत मिठाऐवजी ग्लॉबर सॉल्ट वापरले असेल तर ते सल्फेट असते. प्राणवायू संपला की गाळातले जंतू त्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. सल्फर ब्लॅकची रंगाई असेल तर सोडियम सल्फाइड हौदात आयतेच येते. त्यात आम्ल मिसळले की हाच वायू एकदम सुटतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. ईदच्या सुट्टीत कारखाना आठ दिवस बंद राहिला आणि हौद झाकलेला असला, तर उघडताना धोका आणखी वाढलेला असतो.

या वायूला सडक्या अंड्याचा वास येतो. पुष्कळ कारागीर वासावर भरवसा ठेवतात, आणि इथेच घात होतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग वायू झाला की थोड्याच मिनिटांत नाक बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, असे माणूस समजतो. पाचशे ते हजार भागांवर तो कोसळतो. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीतही फसवी आहे. हजारात एक भाग या वायूने माणूस मरतो, पण दिवा आरामात जळत राहतो. हौदात मिथेन असला तर त्याच दिव्याने भडका उडेल. तोंडाला ओला रुमाल बांधण्याबद्दल कापड विकणारे आम्हीच सांगतो की कापडाने वायू अडत नाही.

आता खरी गोष्ट. अमेरिकेच्या नायोश या सरकारी संस्थेने 1986 साली अशा मृत्यूंचा आढावा छापला. मेलेल्यांत साठ टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले होते. पहिला माणूस पडतो, दुसरा ‘अरे काय झाले?’ म्हणत उतरतो, तिसरा त्या दोघांसाठी. पुष्कळदा तो पडलेल्याचा भाऊ किंवा गाववाला असतो. त्याला हिंमत कमी नसते, पण तळाशी हवाच नसते. मार्च 2025 मध्ये मुंबईच्या नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत चार मजूर गुदमरून मेले. ती टाकी गटाराची नव्हती, पाण्याची होती.

म्हणून आमचे म्हणणे असे की बचावाची तयारी पहिला माणूस उतरण्याआधी झाली पाहिजे. पट्टा त्याच्या अंगात, दोर पट्ट्याला, दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात. तोंडावर तिपाई व चरखी असेल तर उत्तम, कारण बेशुद्ध माणूस नुसत्या हातांनी वर येत नाही. बाहेरच्याने जागा सोडायची नाही आणि कोणत्याही कारणाने आत उतरायचे नाही. अग्निशमन दलाला 101 वर फोन करायचा. हे काही नवे शहाणपण नाही. 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 36 मध्येच बाहेर येण्यास पुरेसे तोंड, जाणकाराने स्वतः तपासून दिलेला लेखी दाखला, आणि तो नसेल तर श्वसनयंत्र व दोराचा पट्टा असे लिहिले होते. आतल्या हातदिव्यासाठी 24 व्होल्टची मर्यादाही होती.

तपासणी वायुमापकाने, बाहेरूनच नळी सोडून, वर, मध्ये व तळाशी करावी. प्राणवायू 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर उतरू नये. ब्लोअर आधीपासून लावावा आणि माणूस आत असेपर्यंत चालू ठेवावा, कारण गाळ ढवळला की वायू पुन्हा सुटतो. डिझेल पंप आत ठेवू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइडही जीव घेतो. वेल्डिंगच्या सिलिंडरमधून ऑक्सिजन आत सोडण्याचा उद्योग तर मुळीच करू नये, अंगावरचे कपडे पेट घेतात. शक्य तिथे गाळ बाहेरूनच पंपाने उपसावा, म्हणजे माणूस उतरवण्याची वेळच येत नाही.

मापक एकट्या छोट्या रंगखात्याला महाग वाटते. एका गल्लीतल्या चार-पाच जणांनी मिळून एक घेतले तरी काम भागते, हौद काही रोज साफ होत नाहीत. आणि आम्ही व्यापारी मीटरमागे दहा-वीस पैशांसाठी रंगाईवाल्याशी तास तास घासाघीस करतो, तेव्हा दर ठरवतानाच हेही विचारावे की तुमच्या हौदात कोण उतरतो, आणि दोर कोणाच्या हातात असतो?